टेलचें पाणी व इंजिनाचें इंधन

पूर्णेहून आगगाडीनें नांदेडाकडे जातांना चुडावा हें स्थानक लागतें. या मुलखांत कालव्याच्या पाण्याचा एक अनुभव लहानथोरांस ठाऊक आहे. येलदरी व सिद्धेश्वर या धरणांच्या पूर्णा प्रकल्पाचें पाणी परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील रानांस मिळतें. परंतु आवर्तन सुटलें म्हणजे मुखाजवळचें शेत आधीं भिजतें, आणि टेलचा शेतकरी बांधावर उभा राहून वाट पाहतो. धरणांत पाणी विपुल आहे एवढ्यानें त्याचें पीक वांचत नाहीं. तें त्याच्या चारींत वेळेवर व पुरेशा जोरानें यावें लागतें. शर्यतीसाठीं ताकद वाढविलेल्या मोटारीच्या इंजिनास इंधनाच्या नळ्या कशा जोडाव्या, हा आजचा विषय आहे; आणि त्याचें सारें मर्म या टेलच्या शेतकऱ्याच्या गोष्टींत आहे.

प्रथम इंधनाचा मार्ग पाहूं. टांकींतील पेट्रोल विजेचा पंप पुढें लोटतो. तें गाळणींतून जाऊन नळीनें इंजिनापाशीं येतें. तेथें सिलिंडरांच्या ओळीलगत एक पोकळ दांडा बसविलेला असतो. त्यास ‘फ्युएल रेल’ म्हणतात. ही रेल म्हणजे जणूं मुख्य कालवा, आणि तिच्यावर प्रत्येक सिलिंडरासाठीं बसविलेला इंजेक्टर म्हणजे त्या त्या शेताची चारी. गाडींतील संगणक इंजेक्टराचें तोंड क्षणभर उघडतो आणि तेवढ्या क्षणांत इंधनाचा फवारा आंत जातो. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. संगणक इंधन मोजीत नाहीं, तो वेळ मोजतो. रेलमधील दाब ठरल्याप्रमाणें आहे, पुष्कळ गाड्यांत तो सुमारें ३ बार असतो, असें तो गृहीत धरतो. दाब उतरला तर तेवढ्याच वेळांत कमी इंधन जातें, आणि संगणकास त्याचा पत्ता नसतो.

आतां कोणी म्हणेल, इंधन थोडें कमी पडलें तर काय बिघडलें? गाडी जरा मंद चालेल, एवढेंच! ही समजूत घातक आहे. पेट्रोलाच्या १ भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. परंतु पूर्ण जोर लावतांना इंजिनास जाणूनबुजून याहून अधिक पेट्रोल देतात. कारण त्या अधिक पेट्रोलाची वाफ होतांना आंतील उष्णता शोषली जाते. तेंच कमी पडलें कीं मिश्रण अवेळीं भडकतें, सिलिंडरांत हातोड्यासारखे ठोके बसूं लागतात, आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनास थोड्याच अवधींत भोंक पडूं शकतें. टेलच्या शेतांत पीक वाळतें. टेलच्या सिलिंडरांत धातु वितळतो.

म्हणून प्रथम हिशेब करावा. १०० अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन पूर्ण जोरानें चाललें तर तासास सुमारें ३० लिटर इंधन मागतें. तेंच २०० अश्वशक्तीचें केलें तर ६० लिटर. परंतु जुन्याच नळींतून दुप्पट इंधन लोटलें म्हणजे वाटेंत खर्च होणारा दाब दुप्पट न होतां जवळजवळ चौपट होतो. उलट नळीचा आंतील व्यास दुप्पट केला तर तोच खर्च सुमारें तिसाव्या हिश्शावर येतो. नुसता मोठा पंप बसवून नळी जुनीच ठेवणें म्हणजे धरणाचीं दारें उघडून चारी अरुंद ठेवणें होय.

दुसरी गोष्ट दाबनियामकाची, म्हणजे रेग्युलेटराची. तो रेलच्या पलीकडे बसवावा, म्हणजे इंधन सर्व इंजेक्टरांवरून वाहत जाऊन उरलेलें परतीच्या नळीनें टांकींत जातें व जातांना उष्णताही नेतें. मोठ्या रेलला इंधन मध्यावर किंवा दोन्ही टोंकांनीं देणें हितावह. टर्बोचार्जरानें हवा १ बार दाबानें आंत कोंबली तर इंधनाचा दाबही १ बारानें वाढला पाहिजे. यासाठीं रेग्युलेटरास हवेच्या मार्गांतून एक बारीक नळी जोडतात.

तिसरी गोष्ट बुडबुड्याची. शेतावरच्या डिझेल इंजिनानें ‘हवा धरली’ कीं तें बंद पडतें, हें तुम्हीं पाहिलें असेल. पेट्रोलाचें त्याहून नाजूक. मराठवाड्याच्या वैशाखांत तापलेल्या नळींत त्याची वाफ होते. पंप ओढण्यापेक्षां लोटण्यांत सरस असतो. म्हणून तो टांकींत किंवा टांकीच्या पातळीखालीं ठेवावा, आणि नळी धुराड्याच्या नळापासून दूर न्यावी.

चौथी व सर्वांत गंभीर गोष्ट गळतीची. २०२३ सालापासून आपल्या देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें. जुन्या कित्येक रबरी नळ्या इथेनॉलास टिकत नाहींत; त्या फुगतात किंवा तडकतात. तेव्हां इथेनॉल सोसणारी नळीच घ्यावी. जोडांच्या तोंडांचा उतारही जुळला पाहिजे. ३७ अंशांच्या तोंडास ४५ अंशांचें तोंड आवळून बसविलें तरी तें आज ना उद्यां गळतें. काम झाल्यावर इंजिन न चालवितां केवळ पंप चालवावा व प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानें पुसून पाहावा. जोड सोडण्यापूर्वीं दाब उतरवावा व बॅटरी तोडावी. जवळ कोरड्या पावडरीचें अग्निशामक असावें. पेट्रोलाच्या आगीवर पाणी ओतूं नये.

डिझेलच्या गाड्यांत हीच रेल पुष्कळ अधिक दाबानें काम करते. नाशिकजवळ सातपूर येथें बॉशच्या कारखान्यांत, जो २००८ पूर्वीं मायको या नांवानें ओळखला जाई, अशा यंत्रणेचे इंजेक्टर तयार होतात. तेथील दाब २००० बारापर्यंत जातो; ती बारीक धार कातडी भेदून शरीरांत शिरते. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांतही ही पद्धति आली आहे. म्हणून गळती हातानें चांचपून कधींही पाहूं नये.

पालकवर्गासही एक विनंति आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करतां येत नाहीं. हें काम शर्यतीच्या मैदानाचें व जाणत्या मेस्त्रीच्या नजरेखालचें आहे. तरीही मुलगा गॅरेजांत रमत असेल तर त्यास रागें भरण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: “दाब कोठें मोजलास?” “पंपापाशीं,” असें तो म्हणाला, तर त्यास अजून शिकावयाचें आहे. “रेलच्या शेवटच्या टोंकाशीं, इंजिन पूर्ण जोरांत असतांना,” असें म्हणाला, तर त्याची विद्या खरी. धरण भरलें म्हणून पाणी पोहोंचलें असें नव्हे. तें टेलला जाऊनच पाहावें लागतें.