गाडी घरची (लेखांक ९) : बॉनेटखालचा पावसाळा

गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाड्या एव्हाना बाहेरून लख्ख झाल्या असतील. दसरा तोंडावर आलाय, बंपरला झेंडूचा हार चढायचाय. चाकांच्या कमानीत अडकलेली लाल माती कशी काढायची ते मागच्या रविवारी पाहिलं. पण त्याच प्रवासातली बरीच माती बॉनेटखाली जाऊन बसलेली असते आणि तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. बॉनेट उघडायचं ते फिटरने, अशी आपली समजूत असते. शिवाय इंजिनावर पाणी पडलं तर गाडी बंद पडेल, ही भीती.

ही भीती खोटी नाही. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी एका वॉशिंग सेंटरवर दिली होती. ‘इंजिन वॉश पण करू का?’ असं विचारलं, मी हो म्हटलं. गाडी नुकतीच चालवून आणलेली, इंजिन तापलेलं. त्याच्यावर थेट जेटचा मारा झाला आणि वरून डिझेलचा फवारा. दहा मिनिटांत सगळं काळंभोर, चकाकणारं. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघालो, तर पहिल्याच चढावर गाडी आचके देऊ लागली. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. फिटरने एक इग्निशन कॉइल उपसून काढली, तेव्हा खाली स्पार्क प्लगच्या खड्ड्यात बोटभर पाणी साचलेलं होतं. ठिणगी प्लगच्या टोकाला पोचण्याआधीच बाहेरून पळत होती आणि चारांतला एक सिलिंडर पेटतच नव्हता. अशा वेळी न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे पेट घेतं आणि तो महागडा भाग जळून जाऊ शकतो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच रेटू नका.

तेव्हापासून हे काम मी घरी करतो. अर्धी बादली पाणी, इंचभर रुंदीचा रंगाचा ब्रश, जुना टूथब्रश, चारपाच फडकी, फवाऱ्याची बाटली आणि इंजिनासाठी मिळणारं डीग्रीजर, एवढ्यावर भागतं. जेट लागत नाही. वायरींच्या जोडांना आतून रबरी सील असतं, ते रस्त्यावरून उडणारं पाणी अडवतं. शंभर बार दाबाची धार जवळून मारली तर ते कसं टिकणार? एसीच्या कंडेन्सरचे ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रेही त्या धारेने आडवे होतात. डिझेल आणि रॉकेल तर इंजिनाला लावूच नका. त्याने होजचं रबर फुगून मऊ पडतं. वर तेलकट थर राहतो आणि त्यावर आठवडाभरात पुन्हा धूळ चिकटते. शिवाय गरम एक्झॉस्टवर ठिबकलं तर आगीचा धोका.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. पहिली पंधरा मिनिटं फडकं हातात घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. कारण मळ नकाशासारखा असतो. कोरडी धूळ सगळीकडे सारखी बसते, पण तेल जिथून पाझरतं तिथे तीच धूळ भिजून काळी, जाड होते. टॅपेट कव्हरच्या कडेला असा पट्टा दिसला तर त्याचं पॅकिंग थकलंय. रेडिएटरच्या होजला क्लिपपाशी हिरवट किंवा गुलाबी वाळका डाग असेल, तर तिथून कूलंट झिरपतंय. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्र्यामांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं, म्हणून खाली सांडलेलं लगेच पुसून घ्यावं. हे सगळे डाग धुण्याआधी मोबाइलवर टिपून ठेवा. एकदा धुतलं की पुरावा गेला.

इंजिन थंड हवं, हात टेकवून ठेवता येईल इतकं. किल्ली खिशात ठेवा, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल आणि बॉनेटखाली केशरी वायरी दिसत असतील, तर कोरड्या फडक्यापलीकडे जाऊ नका, तिथला विजेचा दाब जीवघेणा असतो.

बॅटरीपासून सुरुवात करू. आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं, लावताना ते शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. (घड्याळ आणि खिडक्यांचं सेटिंग पुन्हा करावं लागेल, मॅन्युअल जवळ ठेवा.) टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साठलेली असते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून टूथब्रशने लावला की ती फसफसते, आमटीवर यावा तसा फेस येतो आणि हळूहळू बसतो. फेस यायचा थांबला की आम्ल मेलं. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडं करा, टर्मिनल घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवा.

मग अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इंजिनाचा कंट्रोल युनिट, एअर फिल्टरचं तोंड आणि कॉइल यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या रबरबँडने बांधा. पिशव्या मोजून लावा, मोजून काढा. एअर फिल्टरच्या तोंडावरची एखादी विसरली तर इंजिन ती ओढून घेईल. डीग्रीजर बाटलीवरच्या प्रमाणात पाणी घालून फडक्यावर किंवा ब्रशवर घ्यायचं, उघड्या भागांवर सरसकट फवारायचं नाही. कडक डीग्रीजर ॲल्युमिनियमवर वाळलं तर पांढरे डाग पडतात आणि ते मग जात नाहीत. म्हणून एकेक हातभर भाग घ्या, घासा, ओल्या फडक्याने दोनदा पुसा, पुढे सरका. इथे घाई करू नका.

वायपरखालची जाळी मात्र विसरू नका. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाल्याचा कुजका थर बसतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि एक दिवस ते पाणी पायाशी, गालिच्यात उतरतं. पाला हाताने काढा, मग तांब्याभर पाणी ओतून ते खाली चाकामागून बाहेर येतंय का ते पाहा.

आणि उंदीर. पावसात त्यांना कोरडी, उबदार जागा हवी असते. बॉनेटच्या आतला कापसासारखा थर कुरतडून ते बॅटरीच्या मागे घरटं करतात. लेंड्या दिसल्या तर झाडू किंवा हवेचा झोत मारू नका, मास्क आणि रबरी हातमोजे घाला, जंतुनाशक शिंपडून ओल्या फडक्याने उचला. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, आणि या दिवसांत ही काळजी घ्यायलाच हवी. वायरीचं आवरण कुरतडलेलं दिसलं तर गाडी चालू न करता इलेक्ट्रिशियनला बोलवा.

चकाकी हवीच असेल तर काळ्या प्लॅस्टिकवर पाण्यात मिसळणारं ड्रेसिंग फडक्याने लावा. बेल्टवर त्याचा थेंबही नको. बेल्ट घसरतो, किंचाळतो. मी स्वतः ड्रेसिंग लावत नाही. कोरडं, मंद प्लॅस्टिक मला बरं वाटतं, त्यावर ओल लगेच उठून दिसते.

बॉनेट तासभर उघडं ठेवून वाळू द्या. पिशव्या मोजून काढल्या की इंजिन दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवा. थोडी वाफ येते, त्याला घाबरू नका. आठ दिवसांनी पुन्हा बॉनेट उघडा. पुसलेल्या टॅपेट कव्हरखाली नवी ओली रेघ आली असेल, तर तिचाही फोटो घ्या आणि फिटरकडे जाताना दोन्ही फोटो दाखवा. आठ दिवसांत किती तेल झिरपलं, हे त्याला तिथल्या तिथे कळेल.