थेंबभर मकरंदासाठी शिंजिरांची लढाई

नवी मुंबईतील नेरूळ, बेलापूर वा खारघरच्या गृहसंकुलांत जास्वंद, कर्दळ किंवा शंकासुराच्या झाडाभोवती एक चिमुकला काळानिळा पक्षी दुसऱ्या पक्ष्याचा पाठलाग करताना अनेकदा दिसतो. पुष्कळ जण त्याला 'हमिंगबर्ड' समजतात. वस्तुतः हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेतच आढळतात. आपल्याकडील हा पक्षी म्हणजे शिंजीर अर्थात सूर्यपक्षी. दोघांची कुळे सर्वस्वी भिन्न आहेत. मात्र मकरंदावरील उपजीविकेमुळे लांब चोच, चकाकणारी पिसे आणि भांडखोर स्वभाव दोघांच्याही वाट्याला आला आहे. हमिंगबर्ड हवेत तरंगत मकरंद पितो, तर शिंजीर बहुधा फांदीवर बसूनच चोच फुलात घालतो.

या परिसरात जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर या दोन जाती सहज दिसतात. दोन्हींची लांबी जेमतेम १० सेंटिमीटर आणि वजन १० ग्रॅमहूनही कमी. एवढ्याशा जिवाने भांडणात शक्ती का खर्च करावी, हा प्रश्न साहजिकच पडतो. विणीच्या काळात जोडीदार आणि घरटे यांचे रक्षण हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण निव्वळ हिशेबाचे आहे.

हा हिशेब फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ या शास्त्रज्ञांनी केनियातील सोनेरी पंखांच्या सूर्यपक्ष्यावर अभ्यास करून १९७५ साली मांडला. त्यांचे पक्षी ज्या फुलांवर हक्क सांगत होते, ती दीपमाळ ही वनस्पती महाराष्ट्रातील माळरानांवरही वाढते. त्यांच्या गणितानुसार नुसते बसून राहण्यास पक्ष्याला ताशी ४०० कॅलरी, मकरंद गोळा करण्यास १००० आणि पाठलाग करण्यास तब्बल ३००० कॅलरी लागतात. (या कॅलरी आहारतक्त्यातील कॅलरीच्या हजाराव्या भागाएवढ्या असतात.) फुलामागे एक मायक्रोलिटर मकरंद असेल तर दिवसाची गरज भागविण्यास आठ तास लागतात, दोन मायक्रोलिटर असेल तर चारच. इतरांना हुसकावल्याने फुलांतील मकरंद साठत जातो. त्यामुळे चार तास वाचले, तर पक्ष्याचा सुमारे २४०० कॅलरींचा फायदा होतो, तर दिवसभराच्या राखणीचा जादा खर्च सुमारे ७०० कॅलरींचा असतो.

मात्र फुले फारच थोडी असतील तर राखण परवडत नाही आणि मकरंद मुबलक असेल तर राखणीची गरजच उरत नाही. भांडण होते ते या दोन्हींच्या मधल्या स्थितीत.

बाल्कनीत टांगलेला साखरपाण्याचा फीडर हा हिशेब बिघडवतो. न संपणारा साठा एकाच जागी मिळाल्याने एखादा दांडगा पक्षी जवळच ठाण मांडून बसतो आणि मादीसह इतरांना हाकलून लावतो. अमेरिकेतील अंगणांत हमिंगबर्डही नेमके हेच करतात. पक्षीप्रेमी मात्र 'एकच पक्षी येतो' म्हणून हळहळतात.

त्यावर उपाय सोपे आहेत. एका मोठ्या फीडरऐवजी दोन-तीन लहान फीडर एकमेकांच्या नजरेआड लावावेत. एकाच वेळी सर्वांची राखण करणे एका पक्ष्याला जमत नाही. एक भाग साखर आणि चार भाग पाणी एवढेच मिश्रण पुरेसे असते. त्यात मध वा रंग घालू नये. उन्हाळ्यात पाणी लवकर आंबते, म्हणून ते रोज बदलून भांडे धुवावे. काचेतील स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून पक्षी चोची मारीत असेल, तर काचेला बाहेरून कागद लावावा. अन्यथा कधीच न हरणाऱ्या शत्रूशी लढण्यात त्याची शक्ती वाया जाते.

याहून चांगला उपाय म्हणजे निरनिराळ्या वेळी फुलणारी झाडे लावणे आणि त्यांवर कीटकनाशके न फवारणे. शिंजीर पिलांना प्रामुख्याने किडे आणि कोळी भरवतो. केवळ साखरपाण्यावर त्याचा संसार चालत नाही.