पडली तर एकटीने उचलता आली पाहिजे



मागच्या महिन्यात आपण गटातून दुचाकीसाठी कर्ज घेण्याबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींचे फोन आले. कर्जाबद्दल विचारणाऱ्या थोड्या होत्या, 'ताई, गाडी कोणती घेऊ?' असं विचारणाऱ्याच जास्त. एकीने तर सरळ सांगितलं, "मला वाड्यावस्त्यांवर फिरायला गाडी पाहिजेच. पण एकदा एकटीने साडेतीन शक्तिपीठांचं दर्शनही करून यायचंय. दोन्हीला चालेल अशी मोटारसायकल सांगा." म्हणून आज त्याबद्दलच बोलू. कच्च्या रस्त्याला आणि लांबच्या पल्ल्याला, एकटीने जायचं तर गाडीत काय बघायचं?

आधी माझी फजिती सांगते. प्रभाग समन्वयक म्हणून कामाला लागले तेव्हा माझ्याकडे पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाड्या होत्या. एसटी दिवसातून दोनदा, आणि वडाप भरेल तेव्हा सुटणार. म्हणून गटातून कर्ज काढलं. घरातल्यांनी सांगितलं, "घ्यायची तर दणकट घे, घाटात जड गाडीच बरी." मी ऐकलं आणि दोनशे किलोच्या आसपासची गाडी दारात आणली. डांबरी रस्त्यावर ती झकास चालायची.

श्रावणात एकदा सड्यावरच्या वाडीतली मीटिंग उरकून परत येत होते. तांबड्या मातीची वाट, वरून भुरभुर पाऊस. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढाच होता. मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. मला कोपराला खरचटलं, तेवढंच. पण गाडी काही उठेना. तीनदा जोर लावला, ती जागची हलली नाही. धुकं उतरलेलं, मोबाइलला रेंज नाही. दीड तासाने गुरं घेऊन परतणारे दोघे जण आले, त्यांनी उभी करून दिली. माणसं भली होती. पण त्या दीड तासात, येणारा माणूस कसा असेल हा विचार माझ्या मनात किती वेळा आला, ते तुम्हाला सांगायला नको.

गाडीला फारसं काही झालं नव्हतं, हिंमत मात्र माझी गेली. 'आज चिखल आहे, आज उशीर होईल' असं म्हणत मी पुन्हा वडापने जायला लागले. गाडी दारात उभी दिसते म्हणून दीर बाजाराला नेऊ लागले. पुढे चावी त्यांच्याच खिशात राहायला लागली. हप्ता मात्र माझ्या मानधनातून जात होता. गाडी माझ्याकडून कुणी हिसकावून घेतली नव्हती. ती माझ्या हातून आपोआप गेली. जी गाडी पडल्यावर आपल्याला एकटीला उभी करता येत नाही, ती हळूहळू आपली राहत नाही. वर्षभराने मी ती विकली आणि हलकी गाडी घेतली. आज जे सांगणार आहे ते त्यानंतर शिकलेलं आहे.

तर पहिली गोष्ट वजन. शोरूममध्ये गाडीचा कागद मिळतो, त्यावर 'कर्ब वेट' लिहिलेलं असतं. म्हणजे तेल-पेट्रोलसकट, रस्त्यावर चालायला तयार गाडीचं वजन. नुसतं कोरडं वजन कुणी सांगितलं तर ते धरू नका. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे दहा लिटरला साडेसात किलो वाढले. वर आपल्या सामानाचे दहा-पंधरा किलो.

आता आकडे बघा. हिरो स्प्लेंडर प्लस ११२ किलोची. कच्च्या रस्त्यासाठी म्हणून बनवलेली हिरो एक्सपल्स २०० साधारण १५८ किलोची. आणि लांबच्या प्रवासाला मुलं ज्या गाडीचं नाव घेतात ती रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० आहे १९६ किलोची. म्हणजे पहिलीत आणि शेवटच्यात ८४ किलोचा फरक! धान्याची पन्नास किलोची गोणी हलवताना काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तशा दीड गोणीहून जास्त.

आडवी गाडी उचलताना तिचं सगळं वजन आपल्यावर येत नाही, कारण चाकं जमिनीवरच असतात. आपण तिला फक्त उभी करतो. आणि ते हाताने नाही, पायाने करायचं. आधी चावी बंद करा. पेट्रोल सांडतंय का बघा. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, म्हणजे ती घरंगळणार नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी करता करता पलीकडे कलंडेल. मग सीटला पाठ लावून खाली बसा. एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्या हाताने मागची दांडी धरा. पाठ ताठ ठेवून, छोटी छोटी पावलं मागे टाकत पायाने रेटा. डोक्यावरची पाटी उचलताना आपण कंबर वाकवत नाही, गुडघ्यातून उठतो, तसंच.

शोरूमवाला गाडी आडवी करू देणार नाही. म्हणून ओळखीत कुणाकडे तीच गाडी असेल तर मागून घ्या, खळ्यावर पेंढा नाहीतर गोणपाट अंथरा आणि त्यावर ती अलगद आडवी करा. गटातल्या चौघी-पाचजणी मिळून करा, पण उचलताना एकेकीने उचला. आमच्या गटात हे केलं तेव्हा ११० सीसीची गाडी सगळ्यांनी उचलली, साठीच्या मावशींनीसुद्धा. शोरूममध्ये निदान दोन गोष्टी करून बघाच. एकटीने मेन स्टँडवर चढवा, आणि इंजिन बंद ठेवून थोड्या चढावर मागे ढकला. दम लागून थांबावं लागलं तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट सीटची उंची. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर आहे, एक्सपल्सची साधारण ८२५. चार सेंटिमीटरच तर आहेत, असं वाटेल. पण आपल्यातल्या कितीतरी जणी पाच फुटांच्या आसपासच्या. तिथे हा फरक म्हणजे पाऊल पूर्ण टेकणं आणि नुसती बोटं टेकणं. सपाट फरशीवर बोटांवर भागतं, पण वाटेवर नेमका पायाखाली खड्डा आला की तोल जातो. रोज वापरता तीच चप्पल किंवा बूट घालून बसून बघा. एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा निदान चवडा टेकला पाहिजे. थोडंच कमी पडत असेल तर सीटचा फोम इंचभर कापून घेता येतो. शॉकॲबसॉर्बरची खटपट मात्र गावात करू नका, त्याने गाडीची चाल बिघडते.

तिसरी गोष्ट चाकं आणि गाडीचं पोट. स्कूटर हलकी असते, गिअर नसतात, डांबरी रस्त्याला ती चांगलीच. पण तिची चाकं दहा-बारा इंचांची, ती खड्ड्यात बसतात. मोटारसायकलचं अठरा इंचांचं चाक तोच खड्डा ओलांडून जातं. टीव्हीएस एक्सएल १०० नव्वद किलोच्या आत आणि चाकं सोळा इंचांची, म्हणून शेतावर आणि जवळच्या वस्त्यांना उत्तम. पण लांब घाटात ओझं घेऊन ती दमते. एक्सपल्सचं पुढचं चाक एकवीस इंचांचं, आणि पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. दगडगोट्यांतून ती सहज निघते, हे खरंच. स्प्लेंडरचं पोट १६५ मिलिमीटरवर आहे, म्हणून मोठा दगड दिसला की बाजूने काढावी लागते. उंची चांगली असेल, अंगात ताकद असेल आणि रोजची वाट ओढ्याची, दगडाची असेल, तर एक्सपल्सचा विचार जरूर करा. पण आधी तिला उचलून बघा.

चौथी गोष्ट, वाटेत बिघडली तर? लांबच्या प्रवासाला हे मोठ्या इंजिनापेक्षा महत्त्वाचं. गाडी अशी घ्या जी कुठल्याही बाजाराच्या गावातला मेकॅनिक उघडू शकेल. गेल्या वर्षी नवरात्राची गर्दी ओसरल्यावर मी माझ्या ११० सीसीच्या गाडीवर साडेतीन पीठं केली. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी. घरून निघून घरी येईपर्यंत सोळाशे किलोमीटरच्या वर झाले, नऊ दिवस लागले. वेग पन्नास-साठचा, अंधाराच्या आत मुक्कामी. नांदेडहून माहूरला जाताना क्लचची तार तुटली. पुढच्याच बाजाराच्या गावात दुकान होतं, तार मिळाली, अर्ध्या तासात मी वाटेला लागले. महागडी, कमी खपाची गाडी असती तर तारेसाठी परत नांदेड गाठावं लागलं असतं. तेव्हापासून क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक तार मी सीटखाली ठेवते. सप्तशृंगीच्या नांदुरी घाटातही छोट्या इंजिनाने काही अडवलं नाही. दुसऱ्या गिअरवर सावकाश चढले.

आपल्याला वाटतं लहान गाडीवर लांब जाता येत नाही. इंग्लंडच्या लोईस प्राइस या बाई २००३ साली अलास्कापासून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत एकट्या गेल्या, दोन्ही अमेरिका खंड पार केले. गाडी होती यामाहाची, अवघी २२५ सीसी, वजनाने हलकी. आपली पीठं तर त्या मानाने अंगणात आहेत.

चाकाबद्दल आणखी थोडं. ट्यूबलेस टायर पंक्चर झालं तर चाक न काढता पट्टी भरता येते. हे एकटीला जमतं, मी किट आणि छोटा पंप जवळ ठेवते. ट्यूबच्या टायरला चाक खोलावं लागतं. बॅटरीचंही तसंच. किक असलेली गाडी असेल तर बघा. २०२० नंतरच्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्शनने जातं, त्यामुळे बॅटरी अगदीच संपली की ढकलूनही चालू होत नाही. टाकी दहा लिटरची असली तरी छोट्या गाडीवर चारशे किलोमीटर निर्धास्त जाता येतं.

सामान बांधताना जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या. कॅरिअरवर उंच बोचकं बांधलं तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं. साडी नेसून चालवत असाल तर पदर खोचून, पिनेने पक्का करा. ओढणी असेल तर गाठ मारून आत. मागच्या चाकाची जाळी 'दिसायला बरी नाही' म्हणून पोरं काढून टाकतात, ती काढू देऊ नका. चाकात कपडा जाऊ नये म्हणूनच कायद्याने ती लावायला सांगितलेली आहे. आणि आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, वाडीपर्यंतच जायचं असलं तरी.

आता कागद. बऱ्याच जणींकडे बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स असतं. त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही, गिअरचं वेगळं काढावं लागतं. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते. विमाही चालू ठेवा.

आणि सर्वात महत्त्वाचा कागद आरसीचा. कर्ज गटातून, हप्ता तुमचा, मग गाडीही तुमच्याच नावावर करा. 'नाव कुणाचं का असेना, घरातच तर आहे,' असं म्हणतील. माझी पहिली गाडी दिरांच्या नावावर होती. विकताना सही त्यांची लागली, आणि त्या सहीसाठी मला चार महिने थांबावं लागलं. वाईट कुणीच नव्हतं, फक्त कागद माझा नव्हता.

तर सख्यांनो, गाडी बघायला जाल तेव्हा घरातल्यांना बरोबर जरूर न्या, पण सीटवर आधी तुम्ही बसा, ढकला तुम्ही, स्टँडवर चढवा तुम्ही. कुणी म्हणालं, 'ही फार लहान आहे,' तर एवढंच विचारा, 'पावसात, सड्यावर, मी एकटी असताना ही पडली तर उचलायला कोण येणार आहे?'

पुढच्या कार्यक्रमात पंक्चर कसं काढायचं ते बघू. गटात जिच्याकडे दुचाकी आहे तिला रेडिओजवळ बसवा. तोपर्यंत, नमस्कार.