बाडात जपलेल्या लावण्या

होनाजी, रामजोशी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या शृंगारिक लावण्या आपल्यापर्यंत पोहोचल्या, यात हाताने लिहिलेल्या बाडांचा मोठा वाटा आहे.

📖 बाड म्हणजे आखूड बाजूला शिवलेली लांबट वही. पानं वरच्या बाजूला उलटायची, त्यामुळे गाताना समोर ठेवायला सोयीची. कीर्तनकार आणि शाहीर दोघांनीही ती वापरली.

✒️ बोरूने, काजळाच्या शाईने, मोडीत किंवा बाळबोधीत उतरवून घ्यायचं. एका बाडावरून दुसरं होताना शब्द बदलत, कडवी गळत. शेवटच्या कडव्यातल्या नाममुद्रेवरून कवी ओळखायचा, पण लोकप्रिय शाहिराचं नाव दुसऱ्याच्या रचनेलाही चिकटे!

📚 १९व्या शतकाच्या उत्तरार्धात शाहिरी काव्य छापलं जाऊ लागलं. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१चा. पुढे य. न. केळकरांनी ‘अंधारातील लावण्या’ उजेडात आणल्या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मराठी हस्तलिखितांचा मोठा साठा आहे.

सारसोळे-नेरूळकरांनो, माळ्यावर जुनी हस्तलिखित वही सापडली तर रद्दीत देऊ नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापडात ठेवा, पानांचे फोटो काढा आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला विचारा. एखादी हरवलेली लावणी त्या वहीतच असू शकते. 🙏

#लावणी #मोडी #सारसोळे