परदेशांतील ‘शाश्वत विकासा’चें शिक्षण आणि शेतकऱ्यांचीं मुलें

शेतकीचें उच्च शिक्षण घेण्यासाठीं परदेशीं जाण्याची वहिवाट आपल्याकडे नवी नाहीं. वर्ध्याकडील पांडुरंग सदाशिव खानखोजे हे विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत शेतकी शिकले व पुढें मेक्सिकोंतील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक होऊन त्यांनीं मक्याच्या सुधारणेचें काम केलें. रवींद्रनाथ ठाकूर यांनीं १९०६ सालीं आपले चिरंजीव रथींद्रनाथ यांस इलिनॉय येथें शेतकी शिकावयास धाडलें. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांपुढें मुख्य प्रश्न एकच असे : एकरीं उत्पन्न वाढवावें कसें ? हल्लीं जीं शेतकऱ्यांचीं मुलें व मुली युरोपांत जातात, त्यांपैकीं पुष्कळांच्या अभ्यासक्रमाला ‘शाश्वत विकास’ हें नांव असतें, आणि घरच्या वडीलधाऱ्यांस त्याचा अर्थबोध होत नाहीं. जमिनीचा तुकडा विकून ज्या विद्येसाठीं पैसा उभा करावयाचा, ती विद्या आहे तरी काय, हें आधीं जाणून घेणें अगत्याचें आहे.

ह्या नांवाचा प्रसार १९८७ सालच्या एका अहवालापासून विशेष झाला. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड ह्यांच्या अध्यक्षतेखालीं संयुक्त राष्ट्रांनीं नेमलेल्या आयोगाचा तो अहवाल. आजच्या पिढीनें आपली गरज अशा रीतीनें भागवावी कीं पुढील पिढीची पंचाईत होऊं नये, हें त्याचें सार. वडिलार्जित जमीन कसदार स्थितींत मुलाच्या हातीं पडावी, असें वाटणाऱ्या कुणब्यास ह्यांत नवें कांहीं दिसणार नाहीं. नवें आहे तें मोजमाप. कस किती गेला, कोठें गेला, कोणाच्या पदरीं पडला व कोणाच्या माथीं बसला, ह्याचा हिशेब मांडण्याची विद्या तेथें शिकवितात.

ही विद्या शिकण्यास हॉलंडांतील वाखेनिंगन हें गांव उत्तम, असें माझें मत आहे. ऱ्हाइन नदीच्या एका फांट्याच्या कांठीं असलेल्या ह्या लहानशा गांवीं १८७६ सालीं सरकारी शेतकी शाळा निघाली. १९१८ सालीं तिला उच्च विद्यालयाचा दर्जा मिळाला व आज तेथें जगविख्यात विद्यापीठ आहे. गांवांत मातीचें एक संग्रहालय असून निरनिराळ्या देशांतील जमिनींचे उभे काप, थरांसह जसेच्या तसे, तेथें मांडून ठेवले आहेत. आपल्या रानांत खड्डा खणल्याशिवाय खालची माती न पाहिलेल्या मुलानें तेथें एक दिवस घालवावा, हें एका व्याख्यानमालेपेक्षां मोलाचें होय.

परंतु वाखेनिंगनची शिफारस करण्याचें खरें कारण निराळेंच आहे. हा देश ह्या शास्त्रांत स्वतः पोळलेला आहे. क्षेत्रफळानें तो महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनहि लहान. चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खालीं. असें असूनहि शेतमालाच्या निर्यातींत, किंमतीच्या मानानें, तो जगांतील अग्रेसर देशांत गणला जातो. (त्यांतील बराच माल बाहेरून आणून पुन्हां बाहेर धाडलेला असतो, हें आपल्याकडील व्याख्याते सांगावयाचें विसरतात.) तेथें सुमारें ३७ लाख गुरें व एक कोटीच्या आसपास डुकरें आहेत. इतक्या जनावरांचें वैरण-दाणें त्या चिमुकल्या भूमींत पिकत नाहीं. ब्राझील वगैरे देशांतून सोयाबीन जहाजांनीं येतें. दूध, लोणी व मांस बाहेर जातें. आणि शेण-मूत्र मागें राहतें. म्हणजे परक्या देशाच्या जमिनीचा कस ह्या देशाच्या जमिनीवर सांचत जातो.

आपल्याकडे शेणखताची वाण, तेथें त्याचा अतिरेक ! शेण व मूत्र एकत्र झालें म्हणजे त्यांतून अमोनिया वायु उडतो व तो आसपासच्या माळांवर आणि जंगलांत उतरतो. हलक्या रेताड माळावरील मूळची झुडुपें नत्राच्या ह्या फुकट खतानें मागें पडतात व गवत माजतें. जमीन आंबट होऊन तिच्यांतील चुना धुपून जातो. चुना नाहीं म्हणून गोगलगाई कमी होतात, आणि गोगलगाईंच्या शिंपल्यांवांचून रानपांखरांच्या अंड्यांचीं कवचें पातळ निपजतात. हें तेथील संशोधकांनीं जंगलांत हिंडून पाहिलेलें आहे. गोठ्यांतील शेणाचा संबंध पांखराच्या अंड्याशीं असा जोडून दाखविणें, हीच ह्या शिक्षणाची खरी ओळख.

पुढील इतिहासहि विद्यार्थ्यानें पाहण्यासारखा आहे. पुढें नत्र कमी होईल ह्या भरंवशावर आज परवाने देण्याची सरकारी पद्धति तेथील सर्वोच्च शासकीय न्यायासनानें २९ मे २०१९ रोजीं बेकायदेशीर ठरविली. हजारों कामें अडकलीं. गुरांची संख्या निम्म्यावर आणावी अशीहि सूचना निघाली, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजीं शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग नगरींत उतरले. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकींत शेतकऱ्यांची बाजू घेणारा एक नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला. शास्त्रज्ञांचा हिशेब बहुतांशीं बरोबर होता, असें मला वाटतें. पण ज्या शेतकऱ्यानें सरकारच्या व बँकांच्याच प्रोत्साहनानें कर्ज काढून गोठे वाढविले, त्यालाच एकट्याला हिशेबाची बाकी भरावयास सांगणें न्यायाचें नव्हतें. विकासाच्या शास्त्रांत ह्या न्यायाचाहि विचार येतो, आणि तो पुस्तकापेक्षां अशा देशांत राहून चांगला कळतो.

अभ्यासक्रम इंग्रजींतून, दोन वर्षांचा असतो. वर्षाचे सहा लहान भाग पाडलेले असल्यानें परीक्षा सारखी मानेवर असते. निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी एका गटांत घालून कोणा संस्थेचा वा कंपनीचा खराखुरा प्रश्न सोडवावयास देतात. दुसरें वर्ष बहुतेक प्रबंध व प्रत्यक्ष काम ह्यांत जातें.

आतां खर्च. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यास फी वर्षाला सुमारें २० हजार युरो पडते व राहण्या-जेवण्यास महिना हजाराहून अधिक युरो लागतात. दोन वर्षांचा आंकडा साठ लाख रुपयांच्या पुढें जातो. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जास शेतजमीन तारण घेत नाहींत, म्हणून कांहीं कुटुंबें ती विकूं पाहतात. ह्या मार्गास आमचा स्पष्ट विरोध आहे. पदवीनंतर तेथें नोकरी शोधण्यास एक वर्षाची मुदत मिळते, नोकरीची हमी नव्हे. आधीं शिष्यवृत्तीचे दरवाजे ठोठवावे : युरोपीय संघाची ‘इरास्मस मुंडुस’, १८९२ सालीं स्थापन झालेल्या जमशेटजी टाटा निधीची कर्जरूप मदत, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं महाराष्ट्र शासनाची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची योजना. तींहि न साधल्यास जर्मनी आहे. ग्योटिंगन व कासेल ह्या दोन विद्यापीठांचा शाश्वत शेतीचा संयुक्त अभ्यासक्रम इंग्रजींत असून तेथील सार्वजनिक विद्यापीठांत बहुधा फी नसते; मात्र एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम अगोदर बँकेंत अडकवून ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट. सेंद्रिय शेतीवरील व्याख्यानांत मुलास सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांचें नांव ऐकूं येईल. ह्या गृहस्थांनीं कंपोस्ट खताची आपली पद्धति १९२४ ते १९३१ ह्या काळांत होळकरांच्या इंदुरांत बसविली, आणि आमच्या शेतकऱ्यांस आपले गुरु म्हणण्यास त्यांस संकोच वाटला नाहीं. तेव्हां तेथें जाणाऱ्यानें सर्वच कांहीं शिकावयाचें आहे, अशा दीनवाण्या वृत्तीनें जाऊं नये.

जातांना घरचा एक प्रश्न बरोबर न्यावा. नीरेच्या कालव्याखालीं खारवटलेल्या जमिनींचा अभ्यास पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनीं शंभर वर्षांपूर्वींच केला होता; तरीहि कृष्णाकांठच्या उंसाच्या रानांत तीच पांढरी खपली आज दिसते. पाणी किती दिलें, युरिया किती टाकला, उंसानें किती घेतला व निचऱ्यावाटे किती गेला, हा प्रबंधाचा विषय होऊं शकतो, आणि त्यासाठीं दुसऱ्या वर्षीं गांवीं येऊन नमुने घेण्यास परवानगी मिळूं शकते. मात्र त्या वेळीं मागील नोंदी हाताशीं लागतात. मुलानें अर्ज भरला त्या दिवसापासून वडिलांनीं एक वही घालावी, व तींत प्रत्येक पाळीची तारीख, खताचीं पोतीं आणि विहिरीच्या पाण्याची पातळी लिहीत जावी.