54,723 मध्ये तान्ही किती?

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. भिक्षेसाठी आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याआधी मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता: दुचाकीवरचे दोघं गल्लीतून पोर उचलून नेतात. तो कराचीतल्या जनजागृती मोहिमेचा होता. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. नेमकं तेवढंच कापलेलं होतं.

त्याच जुलैत केंद्रीय गृह खात्याचा आकडा छापून आला: 2016 मध्ये 54,723 मुलांचं अपहरण, वर्षभरात 30 टक्के वाढ. आकडा खरा होता. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आलं ते पाळण्यातलं बाळ आणि घोटाळा तिथंच झाला.

10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवा. आदेश चांगलाच होता. ‘येईल दोन दिवसांत’ म्हणून आई-बापाला परत पाठवणं त्यानं अवघड झालं. पण त्यामुळे आकडा फुगणारच होता. जालना असो की परतूर, फिर्यादीतलं वाक्य ठरलेलं: ‘अज्ञात इसमाने अज्ञात कारणावरून फूस लावून पळवून नेले.’ रागावून आजोळी गेलेला पोरगा आणि मित्रासोबत निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगी, दोघंही तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम 363 खाली, म्हणजे अपहरणात, यायची. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही. मूल चार दिवसांनी सापडलं तरी वर्षाच्या बेरजेत गुन्हा राहतोच.

तान्ही मुलं चोरीला जातच नाहीत, असं नाही. लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित बहिणींचं प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. पण अशा चोरीचा अंदाज त्या एकगठ्ठा बेरजेवरून बांधता येत नाही, आणि बातम्यांनी नेमका तोच बांधू दिला.

पुढे सप्टेंबर 2022 मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात चार साधूंना मुलं पळवण्याच्या याच संशयावरून मारहाण झाली. राईनपाडा खटल्यात 2024 मध्ये सात जणांना जन्मठेप झाली.

जालन्यातल्या वार्ताहर मित्रांना एक विनंती: पोलिसांकडून अपहरणाचा आकडा घ्याल तेव्हा मुलांची वयं आणि किती जण घरी परतले, हेही मागून घ्या. ते मिळेपर्यंत मथळ्यात ‘बाळ’ लिहू नका.