कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलाला ताप आला? सकाळची वाट बघू नका

कोरोना लहान मुलांना फारसा त्रास देत नाही, असं गावोगावी बोललं जातं. बहुतेक मुलांबाबत ते खरंही आहे. मात्र केमो सुरू असलेल्या किंवा बोन मॅरो, म्हणजेच स्टेम सेल प्रत्यारोपण झालेल्या मुलांचं तसं नाही. उपचारांमुळे त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि प्रतिकारशक्ती कमी होते.

अशा ४५ देशांतील सुमारे १,५०० मुलांच्या नोंदी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. त्यात पाचपैकी एका मुलाचा आजार गंभीर झाला. शंभरात जवळपास चार मुलं कोरोनाने दगावली.

पालकांनी काय करावं?

• ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर रात्र असली तरी उपचार सुरू असलेल्या रुग्णालयाला लगेच फोन करा.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका. ताप दबतो, पण आतला संसर्ग तसाच राहतो.
• कोरोनाच्या भीतीने केमोची तारीख आपल्या मनाने चुकवू नका. थांबायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील.
• सर्दी-खोकला असलेल्यांना, मग ते जवळचे पाहुणे का असेनात, मुलाजवळ येऊ देऊ नका.
• घरातल्या मोठ्यांच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.